मंगळवार पेठेतलं एक घर आणि शाळा सोडलेली दोन मुलं

मुलांना शाळेत न घालता स्वतःच्या कलाने शिकू देणाऱ्या घरांबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक दोन टोकांचं असतं. एक बाजू शाळेला कोंडवाडा ठरवते, दुसरी अशा आईबापांना पोरांच्या आयुष्याशी खेळणारे म्हणते. एखादं घर खरोखरच शाळा सोडतं तेव्हा त्या घरात काय काय हलतं, कुणाचं काम वाढतं, कुठला कागद कुठे अडतो, हे कुणी बारकाईने मांडत नाही. शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामामुळे माझ्याकडे असे पालक अधूनमधून येतात. त्यातलं एक घर मी सुरुवातीपासून जवळून पाहिलं. त्यांच्या परवानगीने ते प्रकरण इथे मांडतो. नावं देत नाही. मुलांना थोरली आणि धाकटा म्हणतो.

घर कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं, जुनं, वाटणीत मिळालेलं. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लहानसं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि कर्ज काढून घेतलेलं एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतात, त्यांचं मशीनिंग करून द्यायचं, म्हणजे जॉबवर्क. आई एका पतसंस्थेत अकौंटंट होती. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. थोरलीचा जन्म २००९ चा, धाकट्याचा २०१३ चा.

निर्णय कसा झाला

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाईलवर भरू लागल्या. वर्षभरात घराला एक गोष्ट दिसली. सहावीतली थोरली रोजचे तास उरकायची, गृहपाठाचे फोटो पाठवायची आणि मग उरलेला दिवस वहीत यंत्रांची चित्रं काढत बसायची. लेथचा हेडस्टॉक आतून कसा असेल, गिअर एकमेकांत कसे बसत असतील, असली चित्रं. शिक्षकांची तक्रार नव्हती, मार्कही बरे होते. जून २०२१ मध्ये सातवीचं वर्ष पुन्हा ऑनलाइनच सुरू झालं, तेव्हा तिने आईला विचारलं, "मी ह्या वर्षी नाही बसलो तर चालेल काय?"

आईने लॉकडाऊनमध्ये पुण्यातल्या दोन घरांशी ओळख काढली होती. त्यांची मुलं शाळेत जात नव्हती. त्यांच्याकडून तिला अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांचं नाव कळलं. १९७७ साली होल्टनी 'अनस्कूलिंग' हा शब्द वापरात आणला. घरी शाळाच भरवणं वेगळं आणि मुलाच्या कुतूहलामागे मोठ्यांनी चालणं वेगळं, हा फरक तिला तिथे समजला. वडिलांना यातलं काही वाचायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, पोरगी मागतेय तो वेळ आहे, दुसरी शाळा मागत नाही, तर एक वर्ष देऊन बघू.

जुलै २०२१ मध्ये पूर आला. निम्मं शहर पाण्याशी झगडत होतं, त्यात ऑनलाइन तासाला कोण हजर, कोण गैरहजर, याचा कुणाला पत्ता नव्हता. ते आठवडे सरले तोवर घरात निर्णय होऊन गेला होता. धाकटा तेव्हा दुसरी संपवून तिसरीत गेलेला. त्याला कुणी फारसं विचारलं नाही. "ताईला सुट्टी तर मला पण" एवढ्यावर तोही घरी राहिला. माझ्या मते या प्रकरणातला पहिला कच्चा दुवा हाच. एकीने मागितलेली मोकळीक दुसऱ्याला न मागता मिळाली आणि दोघांचे परिणाम मग वेगवेगळे झाले.

आजोबांचा मुद्दा

आजोबांचा विरोध मी इथे दोन ओळींत उरकू शकत नाही, कारण कोल्हापुरात तो साधा विरोध नसतो. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळी एक रुपया म्हणजे काय, हे शेतमजुराच्या घरात विचारावं. आजोबांचे वडील त्या सक्तीमुळे शाळेत गेलेली पहिली पिढी. त्यांच्या आधी त्या घरात सहीसाठी अंगठा होता.

"महाराजांनी दंड बसवून पोरं शाळेत आणली," आजोबा म्हणाले, "आणि तुम्ही ती पायरी आपल्या हाताने उतरताय. ज्यांच्या घरात शंभर वर्षं पुस्तकं आहेत त्यांनी करावेत हे प्रयोग. आपण कालपरवा आलोय आत."

सून गप्प बसली नाही. "आबा, तेव्हा शाळेबाहेर शिकायला काही नव्हतं म्हणून सक्ती लागली. आज बाहेर आहे."

"आहे, पण कुणाला? तुझ्या पोरीला. गल्लीतल्या बाकीच्यांना नाही."

या वाक्याला मी तरी उत्तर दिलेलं नाही. स्वशिक्षण निवडणारी घरं बहुतेक अशी असतात की, ज्यांच्याकडे एक माणूस घरी ठेवण्याइतकी ऐपत किंवा निदान धाडस असतं. आजोबांनी चाळीसेक वर्षं अशा मुलांना शिकवलं होतं, ज्यांच्यासाठी शाळा म्हणजे भाकरी थापण्यापासून आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यापासून मिळणारी सुटका होती. त्यांना शाळेतले दोष ठाऊक नव्हते असं अजिबात नाही. उलट त्यांनीच सुचवलं की, शाळा बदला, शाळा सोडू नका. याच कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मराठी माध्यमाची शाळाही मुलांच्या अनुभवातून, आनंदाने चालू शकते हे दाखवून दिलं. आजोबा नोकरीत असताना ते काम बघून आले होते आणि आपल्या वर्गात त्यातलं थोडंफार करतही होते. मुलगा-सून हट्टाने शाळेवर रुसलेत, असं त्यांना वाटत राहिलं. पुढे काय झालं ते येईलच, पण त्यांनी घरात अबोला धरला नाही आणि मुलांशी बोलणंही सोडलं नाही. हे या घराचं नशीब.

पहिलं वर्ष

आईने भिंतीवर वेळापत्रक लावलं. नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा इंग्रजी, मग 'प्रकल्प'. हे बहुतेक घरांत होतं. शाळा सोडल्याच्या धास्तीत माणूस घरातच शाळा बांधतो. दोन-तीन आठवड्यांत आई आणि थोरली यांच्यात रोज खटके उडू लागले. वेळापत्रक निघालं.

त्यानंतरचे महिने आईला सर्वांत जड गेले. होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत एक ढोबळ आडाखा सांगतात : शाळेत काढलेल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना मुलाला नुसतं सैल सोडावं. थोरलीच्या सहा वर्षांचे सहा महिने झाले. या सहा महिन्यांत ती साडेनऊला उठायची, मोबाईल बघायची, दुपारी झोपायची, संध्याकाळी गच्चीवर बसायची. आई पतसंस्थेतून फोन करून विचारायची, "काय करतेस?" उत्तर यायचं, "काय नाही." सप्टेंबर २०२१ मध्ये आईने नोकरी सोडली. घरी दोन मुलं, त्यात एक आठ वर्षांचं, आणि आजी गुडघ्याने बेजार. दुसरा मार्ग नव्हता असं ती म्हणते. वडिलांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवावं का, हा प्रश्न निघालासुद्धा नाही. मी विचारला तेव्हा दोघंही जरा चमकले.

उद्यमनगर

थोरलीची गाडी हलली ती डबा पोचवण्याच्या निमित्ताने. वडिलांचा डबा घेऊन ती उद्यमनगरात जाऊ लागली आणि तिथेच रेंगाळू लागली. शॉपमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तिच्या हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, दिलं. ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचायचं, मुख्य पट्टी आधी, मग सरकत्या पट्टीवरची जुळणारी रेघ. शाळेत दशांश अपूर्णांक तिने दोन वर्षं केले होते, मार्कही पडले होते. पण ४०.०२ आणि ४०.२० यांत एक बेअरिंग बसतं आणि दुसऱ्यात खडखडतं, हे कळल्यावर ती तो विषय नव्याने शिकली.

पुढे टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळता होत जाणारा आकार, आला. शाफ्टचा एका टोकाचा व्यास ४० मिलिमीटर, दुसऱ्या टोकाचा ३०, मधली लांबी ५०. लेथवर हत्यार धरणारी कंपाउंड स्लाइड किती अंशांत फिरवायची? मिस्त्री चार्ट बघून सांगायचे. तिला चार्टमागचं हवं होतं. व्यासांतला फरक १०, त्याचा निम्मा ५, भागिले लांबी ५०, म्हणजे ०.१. ज्या कोनाचं टॅन ०.१ येतं तो कोन सुमारे ५.७ अंशांचा. दहावीच्या पुस्तकातली त्रिकोणमिती तिने अशी तेराव्या वर्षी गाठली, तीही मधले दोन-तीन धडे वगळून. ते वगळलेले धडे पुढे तिला भोवले.

उद्यमनगरातल्याच एका पॅटर्न शॉपमध्ये ती आईबरोबर जाऊ लागली. ओतकामासाठी लाकडाचा नमुना, म्हणजे पॅटर्न, नेहमी मूळ भागापेक्षा मोठा करतात, कारण धातू गार होताना आक्रसतो. बिडासाठी, म्हणजे ओतीव लोखंडासाठी, हे प्रमाण साधारण एक टक्का धरतात. ३०० मिलिमीटरचा भाग हवा असेल तर पॅटर्न ३०३ चा. पॅटर्नवाल्या मिस्त्रींकडे त्यासाठी वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर थोडा लांब. ती पट्टी पाहून ही मुलगी खुळी झाली. घरी येऊन तिने अॅल्युमिनियमसाठी, पितळेसाठी पट्ट्या काढल्या. फ्रीकॅड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ती यूट्यूबवरून शिकली. त्यातल्या सूचना इंग्रजीत, म्हणून इंग्रजीही तिथेच सुधारलं. व्याकरण कच्चंच राहिलं, पण यंत्राचं कॅटलॉग ती आता सरळ वाचते.

आता कायद्याचा भाग. एका वकील नातेवाइकाने तो काढला म्हणून बरं झालं. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आली. घरच्या धंद्यात, तोही धोकादायक नसेल तरच, मूल मदत करू शकतं, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. २०१७ च्या नियमांनी त्याला आणखी मर्यादा घातली. तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत अजिबात नाही. ज्या मुलीला शाळाच नाही तिची 'शाळेनंतरची वेळ' कुठली? कायद्याने हा प्रश्न गृहीत धरलेला नाही. वडिलांनी मग घरचे नियम घातले : चालू मशीनला हात नाही, भट्टीजवळ जायचं नाही, दुपारचे दोन तास, आणि हातात फक्त मापाची साधनं, कागद आणि लॅपटॉप. कुठलाही जॉब तिच्या हातून गेला नाही. तरी शेजारच्या शॉपमधून "पोरीला कामाला लावलंय काय?" असं विचारलं गेलंच. दुसरी कुजबुज वेगळी होती, पोरगी पुरुषांच्या शॉपमध्ये कशाला. म्हणून सुरुवातीला आई सोबत बसायची. म्हणजे ते दोन तासही आईचेच.

आठवड्यातून एकदा करवीर नगर वाचन मंदिर. १८५० सालची ही संस्था गावात आहे हे थोरलीला शाळेत असताना ठाऊक नव्हतं, कारण तिथे जायला कधी वेळच उरायचा नाही. तिथे ती काय वाचते यावर आईने लक्ष ठेवलं नाही. कादंबऱ्या, पाककृती, विमानांची पुस्तकं, हाताला लागेल ते.

धाकटा

धाकट्याची गोष्ट अशी वळणावर आली नाही. दुसरीपर्यंत तो अडखळत वाचायचा, त्यातलं दुसरीचं वर्ष सगळं मोबाईलवर गेलेलं. स्वशिक्षणवाले सांगतात, वाचन आपोआप येतं, कुणाला पाचव्या वर्षी, कुणाला दहाव्या. आईने त्यावर भरवसा ठेवून वाट पाहिली. नऊ वर्षं झाली तरी तो दुकानाची पाटी वाचायला कंटाळायचा. आजोबांनी मध्ये पडायचं ठरवलं, पण मास्तरकी न करता. पेठेतल्या पोराला फुटबॉल सांगावा लागत नाही. मोसमात शाहू स्टेडियमवर सामना असला की सगळी गल्ली तिकडे, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं वर्णन. आजोबा ते पान मोठ्याने वाचायचे आणि गोल व्हायच्या जागी थांबायचे. "पुढचं दिसंना झालंय, चष्मा कुठाय?" म्हणायचे. धाकटा हिसकावून वाचायचा. असं काही महिने चाललं. वाचन आलं. आई म्हणते ते आपोआप आलं, आजोबा म्हणतात ते आणावं लागलं. मला आजोबांचं पटतं.

खरी अडचण सोबतीची होती. थोरलीला एकटं राहणं मानवतं. धाकट्याला सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत गल्ली रिकामी दिसायची. त्याच्या वयाची सगळी पोरं शाळेत. पुण्यात अशी घरं ठरवून एकत्र जमतात, कोल्हापुरात त्या वेळी आईला जवळपास दुसरं घर सापडलं नाही. ती त्याला रंकाळ्यावर पक्षी बघायला न्यायची, टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात न्यायची, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर फुलांच्या दिवसांत नेलं. तो जायचा, बघायचा आणि विचारायचा, "पाच कधी वाजतात?"

२०२४ च्या उन्हाळ्यात त्याने स्वतःच विषय काढला. त्याला शालेय फुटबॉल स्पर्धेत खेळायचं होतं. तिथे शाळेचं बोनाफाईड लागतं आणि पेठेतल्या टीममध्ये कितीही चांगलं खेळलं तरी त्याचा उपयोग नाही. "मला शाळेत घाला," असं म्हणणारा मुलगा या घरात निघाला, याची आजोबांना एवढी गंमत वाटली की, त्यांनी त्या दिवशी बासुंदी आणली. आईबापांना वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही, पण आईला पचायला थोडे दिवस लागले. मुलाने स्वतः निवडायचं हे तत्त्व मान्य केलं, तर त्याने शाळा निवडली हेही त्यातच आलं. हे तिला बुद्धीने लगेच कळलं होतं.

कागद

या प्रकरणाचा सर्वांत कंटाळवाणा आणि इतर पालकांना सर्वांत उपयोगी पडेल असा भाग हा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचं शिक्षण. त्यातली 'सक्ती' मुख्यतः सरकारवर आहे. कलम १० पालकांवर मुलाला शाळेत दाखल करण्याचं कर्तव्य टाकतं, पण ते न केल्यास पालकाला दंड वा शिक्षा या कायद्यात नाही. घरी शिकवण्याला त्यात परवानगीचं कलम नाही आणि मनाईचंही नाही. थोडक्यात, शाहू महाराजांच्या कायद्याला जो दात होता तो या कायद्याला पालकांपुरता नाही. कायदेशीर म्हणावं तर आधार नाही, बेकायदा म्हणावं तर शिक्षा नाही, अशा जागेत ही घरं राहतात.

थोरलीचा शाळा सोडल्याचा दाखला वडिलांनी हट्टाने काढून घेतला. हा शहाणपणा त्यांचा. आपल्याकडे जातीच्या दाखल्यापासून पुढच्या प्रवेशांपर्यंत त्या एका कागदावरच्या नोंदी बघतात. शाळेने विचारलं, "कुठल्या शाळेत घालताय?" दाखल्यावर कारण पडलं 'पालकांच्या विनंतीवरून'. धाकट्याचा दाखला मात्र काढायचा राहिला. मग यूडायसच्या, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन माहितीच्या, नोंदीत तो कुठल्याच शाळेत दिसेना, शिक्षक ज्याला 'ड्रॉप बॉक्स' म्हणतात त्यात त्याचं नाव पडून राहिलं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात एक शिक्षिका दारात आल्या. त्यांच्या तक्त्यात ऊसतोडणी, स्थलांतर, बालमजुरी, आजारपण असली कारणं होती. पुस्तकांनी भरलेल्या खोलीत बसून चहा पिताना त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्यासाठी रकानाच नाही माझ्याकडे." त्यांचं काहीच चुकलं नाही. त्या यादीमुळे कितीतरी मुलं वीटभट्टीवरून वर्गात आली आहेत, आणि तिचा जाच होतो म्हणून ती नको असं म्हणणाऱ्या पालकांशी माझं जमत नाही.

धाकट्याच्या पुनःप्रवेशाला कायदा कामी आला. कलम ४ प्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यायचं, म्हणजे अकरा वर्षांच्या याला सहावीत. मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळण्याचाही हक्क आहे. पहिल्या शाळेने तरीही लेखी परीक्षा घेऊ म्हटलं. प्रवेशासाठी चाळणी लावायला कलम १३ मनाई करतं, हे आजोबांनी तिथे शांतपणे सांगितलं आणि नातवाला घेऊन दुसऱ्या शाळेत गेले. तिथल्या मुख्याध्यापकांनी तासाभरात नाव घातलं. गणितात तो मागे आहे. गुणाकार तोंडी झटक्यात करतो, उभी मांडणी आली की गोंधळतो. वर्गशिक्षिका म्हणतात, प्रश्न फार विचारतो आणि घंटा झाली तरी उठत नाही.

थोरलीची दहावी

तीन वाटा होत्या. राज्य मंडळाला खासगी उमेदवार म्हणून १७ नंबरचा फॉर्म, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिने तिसरी घेतली. १९८९ साली सुरू झालेल्या या संस्थेत दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं, पाच विषय आपण निवडायचे, त्यांत भाषा हवी. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. तिने मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि चित्रकला घेतले. गणित-विज्ञान टाळून सोपे विषय घेणारी मुलं असतात. त्यांना पुढे डिप्लोमाचं किंवा विज्ञान शाखेचं दार बंद मिळतं, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ च्या परीक्षेत तीन विषय, एप्रिल-मे २०२५ मध्ये गणित आणि विज्ञान. तयारीत जे दिसलं ते मला बोलकं वाटलं. टेपरचा कोन काढणारी मुलगी बीजगणितातल्या वर्गसमीकरणावर अडली, कारण वर्कशॉपमध्ये तिला त्याची गरजच पडली नव्हती. गरजेतून शिकलेलं पक्कं असतं, पण गरज ज्या कोपऱ्यात शिरत नाही तिथे पूर्ण अंधार राहतो. शाळेचा अभ्यासक्रम कितीही रुक्ष असो, तो सगळ्या कोपऱ्यांतून एकदा तरी फिरवून आणतो. दुसरी अडचण हाताची. तिने सलग तीन तास कधी लिहिलंच नव्हतं. पहिल्या सराव पेपरात दीड तासाने बोटं आखडली. आजोबांनी घड्याळ लावून सराव घेतला, तोही शुद्धलेखनासकट, आणि या वेळी तिने कुरकुर केली नाही कारण परीक्षेला बसायचं तिनेच ठरवलं होतं. पास झाली. चित्रकलेत उत्तम, विज्ञानात बरे, गणितात साठीच्या आसपास.

आता ती तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या बरोबरीनेच. ड्रॉइंगच्या तासाला ती पुढे असते आणि केमिस्ट्रीला मागे. हजेरीच्या सक्तीवर रोज चिडते. "जे येतंय त्याच्या तासाला का बसू?" म्हणते. सरांनी एकदा वर्कशॉपमध्ये व्हर्निअर दाखवायला तिलाच उभं केलं, त्या दिवशी घरी खुशीत आली.

हिशेब

पैशात पाहिलं तर दोन मुलांची फी, व्हॅन, क्लास वाचले. त्या जागी लॅपटॉप, वाचनालयाची वर्गणी, परीक्षेचं शुल्क, प्रवास आले. ही बाजू जवळपास फिटली. आईचा पगार गेला तो वेगळा.

आणि पगाराहून मोठी गोष्ट मला तिच्या डायरीत दिसली. मुलं काय शिकली याची नोंद ठेवायची म्हणून तिने ती सुरू केली होती. पहिल्या वर्षानंतर नोंदी बदलत जातात. कुणाला कुठे सोडायचं, कुणाशी बोलून ठेवायचं, वाचनालयाची तारीख, पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींना फोन, धाकट्याला सोबत शोधणं, नातेवाइकांच्या प्रश्नांना काय सांगायचं. शाळा शिकवते किती यावर वाद घालता येईल. पण ती मुलांचा दिवस सांभाळते, त्यांना समवयस्क गोळा करून देते, कागद करते आणि समाजाला उत्तर देते. या घरात ती सगळी कामं एका बाईकडे आली. "शाळा होती तेव्हा मी नुसता डबा करून द्यायची," ती मला म्हणाली. "आता मास्तर मी, शिपाई मी आणि घंटाही मीच." मूल स्वतःच्या दिशेने जातं तेव्हा त्याच्या मागेपुढे वाट मोकळी करणारं कुणीतरी लागतं. अशा घरांबद्दल बोलताना ते माणूस सहसा चित्रात नसतं. वडिलांचं श्रेय मी नाकारत नाही, उद्यमनगर त्यांच्यामुळेच उघडलं. तरी त्यांचा कामाचा दिवस पूर्वी होता तसाच राहिला.

तिला पश्चात्ताप आहे का, असं मी विचारलं. थोरलीसाठी नाही, म्हणाली. धाकट्याला पहिल्याच वर्षी परत पाठवायला हवं होतं असं वाटतं. आणि दोघांच्या वेळी नवऱ्याशी आठवड्याचे दिवस वाटून घ्यायला हवे होते.

आता तिच्याकडे इचलकरंजीहून, कागलहून फोन येतात. पालक विचारतात, कुठली पुस्तकं आणायची, कुठलं मंडळ बरं. ती आधी विचारते, अकरा ते पाच घरात कोण असणार आहे आणि त्यांना हे विचारलंय का. बरेच फोन तिथेच थांबतात.

धाकटा शाळेत जायला लागल्यावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिने पुन्हा नोकरी धरली. जुन्या पतसंस्थेत तिची जागा भरलेली होती. दुसरीकडे मिळाली ती कनिष्ठ लेखनिकाची, पूर्वीपेक्षा कमी पगारावर. अर्जात मधल्या तीन वर्षांपुढे तिने 'मुलांचं शिक्षण' असं लिहिलं होतं. मुलाखत घेणाऱ्यांनी ते वाचून विचारलं, "म्हणजे घरीच होता ना?"